उडता पूल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आमच्या गच्चीवर आम्ही नऊ माणसं, शेजाऱ्यांचा एक कुत्रा आणि दोन गॅसच्या टाक्या अशी बिऱ्हाडं मांडून बसलो होतो. खालचा मजला पाण्यात होता. आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फोनची बॅटरी जपून वापरायची, म्हणून तासाला एकदाच चालू करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘किती फुटावर आहे?’

मामा आमच्यात अडकले होते. नागपंचमीला आईला माहेरी न्यायला म्हणून माणहून आले होते. सोबत त्यांची आठवीतली मुलगी, माझी मामेबहीण. माण म्हणजे सातारा जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. तिथला माणूस पुरात अडकला, याचं मामांना त्या परिस्थितीतही हसू येत होतं. ‘आयुष्यभर टँकरची वाट बघितली, आता बोटीची बघतोय,’ असं म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी ढगांतून आवाज आला. आम्ही सगळे वर बघू लागलो. मामा मात्र मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, ‘हा चीता न्हाई. चीता पातळ वाजतो.’ हेलिकॉप्टर आमच्यावरून पुढं गेलं. लांब कुठंतरी पाकिटं टाकताना दिसलं. काही गच्चीवर पडली, काही पाण्यात. कुणीतरी चिडून म्हणालं, ‘आमच्याकडं का नाही टाकली?’ मामा म्हणाले, ‘त्याला वरनं सगळ्या गच्च्या सारख्याच दिसत्यात.’

त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बायका-मुलं बुडाली. ही बातमी गच्चीवर पोचली, तेव्हा पाकिटांबद्दल बोलणं आपोआप थांबलं.

त्या रात्री मामांनी आम्हाला पहिल्यांदा सियाचेनची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात ते पायदळात होते, तिथल्या एका चौकीवर. पायाची बोटं काळी पडली. बर्फ लागला होता. खाली चालत जाणं शक्य नव्हतं आणि हवामान उघडत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी चीता आलं. पंखा थांबवला नाही. त्या उंचीवर इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नसते. दोघांनी उचलून मामांना आत ढकललं. अर्धा मिनिटही लागला नसेल. डाव्या पायाची दोन बोटं गेली, पाय राहिला. ‘पायलटचं तोंड बी दिसलं न्हाई मला. काळी काच हुती पुढं. नाव तर न्हाईच.’

आता ती मामेबहीण सांगलीतच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला लष्कराच्या हवाई दलात, म्हणजे आर्मी एव्हिएशनमध्ये, जायचंय. मागच्या दिवाळीत तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘दादा, तू वाचत असतोस. खरं सांग. मी अजून वीस वर्षं उडवीन असं हेलिकॉप्टर शिल्लक राहणारेय का? सगळे म्हणतात, ड्रोन आले, आता संपलं.’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची तयारी आहे.

*

सुरुवात घराजवळूनच करतो. आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० ‘दक्षिण सातारा’ होता. त्या भागातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आता सांगलीच्या कडेगाव तालुक्यात. ते मुख्यमंत्री असताना, २३ जून १९६१ ला, साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, ही म्हण आपल्याकडे तेव्हापासूनची.

त्याच १९६२ साली ‘अलूएट-३’ हे फ्रेंच हेलिकॉप्टर भारतात बनवण्याचा करार झाला होता. हिमालयातल्या लढाईनं त्याची गरज सिद्ध केली. डोंगरात रस्ता नाही, खेचर पोचायला दिवस लागतात, जखमी माणूस तेवढा वेळ थांबत नाही. बंगळुरूत बनलेलं पहिलं अलूएट १९६५ साली उडालं. चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. आपण त्याला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, ‘चेतक’. एचएएलनं अशी तीनशेहून जास्त बनवली. मागोमाग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा हलका भाऊबंद आला, फ्रेंच ‘लामा’. आपल्याकडे तो ‘चीता’.

लामा खास उंचीसाठी जुळवलेला होता. अलूएट-२ चा हलका सांगाडा आणि अलूएट-३ चं दमदार इंजिन. २१ जून १९७२ ला फ्रान्सच्या ज्याँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटरपर्यंत चढवला. हेलिकॉप्टर त्याआधी तेवढं उंच कधी गेलं नव्हतं. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. बुले तिथून नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरवत जमिनीपर्यंत आले. शेवग्याच्या शेंगेतलं पंखवालं बी गरगरत खाली येतं, साधारण तसं. हे तंत्र प्रत्येक वैमानिकाला शिकवतात, पण बारा किलोमीटर उंचीवरून ते कुणाला करावं लागू नये.

म्हणजे मामांना ज्यानं खाली आणलं, त्या यंत्राची वंशावळ पन्नास-साठच्या दशकातली. मामांपेक्षा वयानं मोठी. आणि हेच चीता आजही सियाचेनला उडतंय.

*

हेलिकॉप्टर लढाईत नेमकं काय करतं? मला वाटतं, ते पूल आहे. आयर्विन पूल १९२९ चा. तो नसता तर सांगलीला पलीकडच्या काठाशी जोडणारं काय होतं, होडी. हेलिकॉप्टर म्हणजे हवा तिथे, हवा तेवढा वेळ टाकता येणारा पूल.

ही नुसती उपमा नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशात आशुगंजचा मेघना नदीवरचा पूल पाकिस्तानी सैन्यानं उडवला. ढाका पलीकडे. लेफ्टनंट जनरल सगत सिंग थांबले नाहीत. दहा वर्षांपूर्वी गोवा मुक्तीच्या वेळी पॅराशूट ब्रिगेड घेऊन पणजीकडे धडकलेले हेच ते. त्यांनी रशियन बनावटीच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून ९ डिसेंबरपासून माणसं आणि तोफा नदीपार नेल्या. दिवसभर, रात्रभर, फेऱ्यांवर फेऱ्या. तिथून ढाक्याचा रस्ता मोकळा झाला.

पण या यशामागची एक अट आपण विसरतो. तेव्हा पूर्वेकडचं आकाश आधीच आपल्या हातात होतं. शत्रूचं विमान उडत नव्हतं. अशा आकाशात हेलिकॉप्टरचा पूल टिकतो.

अट मोडली की काय होतं, ते १९८७ मध्ये जाफन्यात दिसलं. ११ ऑक्टोबरच्या रात्री शांतिसेनेची एमआय-८ हेलिकॉप्टरं विद्यापीठाच्या मैदानावर उतरली. एलटीटीईला आधीच सुगावा लागला होता. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान उतरल्यावर गोळीबारामुळे पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. त्या तीसांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदेत.

मग कारगिल. २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ आपलं एमआय-१७ पडलं. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रानं पाडलं; चौघं गेले. एमआय-१७ मुळात माल आणि माणसं वाहणारं. त्याला रॉकेटं लावून हल्ल्याला पाठवलं होतं, कारण तेवढ्या उंचीवर लढू शकेल असं खास लढाऊ हेलिकॉप्टर आपल्याकडे नव्हतं. त्या दिवसानंतर हेलिकॉप्टरनं हल्ला करणं थांबवलं.

आज ज्याला आपण ‘प्रचंड’ म्हणतो, त्या लढाऊ हेलिकॉप्टरचा विचार कारगिलच्या या अनुभवातून पक्का झाला. त्याचं पहिलं उड्डाण २०१० मध्ये झालं. वायुदलात ते ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला दाखल झालं. मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ प्रचंडचा करार झाला, ६२,७०० कोटी रुपयांचा. कारगिलची गरज १९९९ ची, मोठी ऑर्डर २०२५ ची. मधल्या २६ वर्षांत युद्धच बदललं.

*

इथे बहिणीचा प्रश्न खरा सुरू होतो.

हेलिकॉप्टरची ताकद कशात आहे? ते खालून उडतं, हळू उडतं, एका जागी थांबतं. मामांच्या चौकीवर तेच कामाला आलं. आणि हेलिकॉप्टरला मारायचं असेल तर सोयीचं काय? तेच. खाली, हळू, थांबलेलं. शिवाय इंजिनाची गरम हवा बाहेर पडते आणि खांद्यावरचं क्षेपणास्त्र उष्णतेचाच माग काढतं.

हे पूर्वीही होतं. नवं हे, की मारणारी वस्तू स्वस्त झाली. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेन युद्धाच्या पहिल्याच सकाळी, रशियानं कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरवले. पुस्तकात शिकवतात तसा बेत होता. काही हेलिकॉप्टरं वाटेतच पडली. विमानतळावर पाय ठेवता आला, पण त्याच्या जोरावर कीव्ह काही पडलं नाही. पुढे ड्रोन आले. काही शे डॉलरचा ड्रोन, डोळ्यांवर गॉगल लावलेला एक पोरगा आणि समोर कोट्यवधींचं यंत्र. ३१ डिसेंबर २०२४ ला तर क्रिमियाजवळ युक्रेनच्या समुद्रातल्या ड्रोन-बोटीनं क्षेपणास्त्र सोडून एमआय-८ पाडल्याचं युक्रेननं जाहीर केलं. नावाड्याशिवायची होडी, आणि तिनं आकाशातलं हेलिकॉप्टर पाडायचं. महाभारतातही असलं अस्त्र वाचल्याचं आठवत नाही.

देश यातून आपापला हिशोब करतायत. जपाननं २०२२ च्या अखेरीस लढाऊ हेलिकॉप्टरं हळूहळू काढून त्यांचं काम ड्रोनना द्यायचं ठरवलं. अमेरिकी लष्करानं फेब्रुवारी २०२४ मध्ये टेहळणी आणि हल्ला करणाऱ्या नव्या हेलिकॉप्टरचा प्रकल्पच बंद केला. त्यावर सुमारे दोन अब्ज डॉलर आधीच खर्च झाले होते. युक्रेनमध्ये दिसलं ते पाहता टेहळणी आता मानवरहित साधनांनी करायची, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच अमेरिकेनं माणसं वाहणाऱ्या नव्या हेलिकॉप्टरचं काम थांबवलं नाही.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ‘हेलिकॉप्टर संपलं’ म्हणणारे तीन कामं एकत्र करतात. बघणं, मारणं आणि उचलणं. बघायचं काम ड्रोननं बरंचसं घेतलंच आहे, आणि घ्यावंच. डोंगरापलीकडे काय आहे एवढं पाहायला दोन माणसांचा जीव कशाला पणाला लावायचा? मारायच्या कामात हेलिकॉप्टरला आता मागे राहून, लांबून, ड्रोनच्या डोळ्यांनी पाहून मारावं लागेल. प्रचंडसारखी यंत्रं या पद्धतीनं टिकतील, की उशिरा आलेली ठरतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

उचलण्याचं तसं नाही. ड्रोन चौकीवर रॉकेलचा डबा पोचवेल, औषध पोचवेल. पण बोटं काळी पडलेल्या माणसाला, खाली-वर जाणाऱ्या वाऱ्यात, बर्फाच्या हातरुमालाएवढ्या तुकड्यावरून उचलून आणायचं काम आज तरी माणूस बसलेलं हेलिकॉप्टरच करतं.

*

या उचलण्याचा आमच्या माणशी आणखी एक संबंध आहे. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनमधल्या सोनम चौकीवर, १९,६०० फुटांवर, बर्फाचा कडा कोसळला. दहा जवान गाडले गेले. त्यात माणचे सुनील सूर्यवंशी होते. ते लष्कराचे नर्सिंग असिस्टंट. म्हणजे दुसऱ्या कुणाला बर्फ लागला तर त्याला सांभाळायला तिथे असलेला माणूस. हेलिकॉप्टरांनी बर्फ कापायची यंत्रं, रडार आणि शोध घेणारी कुत्रीसुद्धा वर पोचवली. सहाव्या दिवशी शेजारच्या धारवाडचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड बर्फाखाली जिवंत सापडले. हेलिकॉप्टरनं खाली आणून त्यांना दिल्लीला नेलं. ११ फेब्रुवारीला ते गेले. बाकीच्यांचे देह खाली आणायलाही हवामानानं आणखी दिवस घेतले. मामा त्या आठवड्यात टीव्हीसमोरून हलले नव्हते. हवामानाची बातमी लागली की आवाज वाढवायचे.

एवढ्या उंचीवर हवा निम्म्याच्या आसपास पातळ होते. हेलिकॉप्टरचा पंखा हवेला खाली ढकलून वर उठतो. ढकलायला हवाच कमी, तर उठणार कशाच्या जोरावर? म्हणून सर्वांत उंच चौक्यांवर चीता एका खेपेत एखाददुसरा डबाच नेऊ शकतं. एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या तुकडीला चीतांनी थोडे थोडे करत बिलाफोंड खिंडीवर उतरवलं. तीसेक माणसांना सतरा फेऱ्या. मग वादळ आलं आणि हेलिकॉप्टर यायचं बंद झालं.

हवामानाचा अनुभव आपल्याला सियाचेनला न जाताही येतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. काही दिवसांनी मुख्यमंत्री पाहणीला निघाले, तर ढगांमुळे त्यांचं हेलिकॉप्टर कोयनानगरला उतरू शकलं नाही. परत पुण्याला गेलं. राज्याच्या मुख्यमंत्र्याचं हेलिकॉप्टर सह्याद्रीच्या एका खोऱ्यात उतरू शकत नाही, तर कल्पना करा, रात्रीच्या वेळी काराकोरममध्ये काय होत असेल.

म्हणून मला ड्रोन हे हेलिकॉप्टरपुढचं सर्वांत मोठं आव्हान वाटत नाही. आपल्याकडचं मोठं आव्हान फार साधं आहे. यंत्र म्हातारं झालंय आणि वारस येत नाही.

चीता-चेतकच्या जागी नवं हेलिकॉप्टर आणायच्या चर्चेत माझं अख्खं बालपण गेलं. निविदा निघाल्या, रद्द झाल्या. २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह-२२६ साठी समझोता झाला, दोनशे हेलिकॉप्टरांचा. खरेदी झाली नाही. एचएएलचं हलकं हेलिकॉप्टर, एलयूएच, सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. चाचण्यांत ते सियाचेनपर्यंत जाऊन आलं, पण चौक्यांवर चीताची जागा अजून त्यानं घेतलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं कंपन्यांकडे पुन्हा माहिती मागवली. आकडा तोच, दोनशे.

मधल्या काळात चीता पडत राहिलं. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलात पडलं, दोन अधिकारी गेले. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, लष्करी वैमानिकांच्या बायकांचा एक गट संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांकडे गेला होता. ही जुनी यंत्रं थांबवा, एवढीच मागणी. थांबवणं सोपं नव्हतं, कारण थांबवली तर सियाचेनच्या चौकीवरचा माणूस खाली कोण आणणार? दोन्ही बाजूंना जीवच होते.

नवीन म्हणजे सुखरूप असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघं गेले, आणि देशभरातली तीनशेहून जास्त ध्रुव महिनोन्‌महिने जमिनीवर उभी राहिली. ध्रुव आपलं, इथे बनवलेलं आणि रोजच्या कामाचं. ते बंद होतं तेव्हा पुन्हा भार कुणावर? चीता-चेतकवर.

*

नाशिक रोडला गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांची शाळा आहे. मे २०२२ मध्ये तिथेच कॅप्टन अभिलाषा बराक यांना ‘विंग्ज’ मिळाले; लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. बहिणीच्या कपाटावर त्यांचा फोटो आहे. त्या शाळेत आता ड्रोन चालवणारे अधिकारीही तयार होतात. हेलिकॉप्टरवाले आणि ड्रोनवाले एकाच संस्थेतून बाहेर पडतात. भविष्य कसं असेल याचं एवढं उत्तर तिथे मिळालेलंच आहे, दोघं एकत्र असतील.

मी बहिणीला हेच सांगितलं. म्हटलं, ‘वीस वर्षं नक्की उडवशील. पण तू उडवशील ते बहुतेक मारायला जाणारं नसेल, आणायला जाणारं असेल. आणि तुझ्याआधी तिथे ड्रोन जाऊन आलेला असेल.’

ती म्हणाली, ‘मला आणायलाच जायचंय.’

मामा ओट्यावर फराळाचं ताट घेऊन बसले होते. काही बोलले नाहीत. डावा पाय लांब करून बसायची त्यांची सवय आहे. मामी आतून चहा घेऊन आली. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. तिच्या नवऱ्याला चीतानं परत आणलं, म्हणून तिला चीताबद्दल वाईट बोलवत नाही. चीता पडल्याच्या बातम्याही तिनं सगळ्या वाचल्यात.

तिनं कप खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘बाबा, तू एवढं वाचतूस. ही शिकून तयार हुईस्तोवर ते नवीन येईल का नाय?’

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

‘येईल की,’ मामा म्हणाले. पण ते मामीकडे बघून नव्हते बोलले.